धावपट्टीपलीकडची ओवी

"माही वैभवी वं बाई, जशी माळ्यावरली मैना..."

हा आवाज आपल्या कानात कधीपासून आहे, ते वैभवीला सांगता येत नाही. ज्वारी हुरड्यात आलेली. शेताच्या मधोमध पाखरं हाकायला लाकडी बल्ल्यांवर राखणीचा माळा उभा केलेला. खाली वाऱ्यानं डुलणारी कणसं, वर आईची मांडी, आणि त्या मांडीला टेकलेल्या कानात आईचा आवाज, पोळ्यातून मध ठिबकावा तसा. पहिली ओळ तिला लख्ख आठवते. दुसरी आठवत नाही. ओवी काही एका ओळीची नसते. जात्याच्या वरच्या तळीला खालची तळी असावी तशी दुसरी ओळ असणारच. पण ती यायच्या आत पोरीचा डोळा लागला असावा. पुढचं सगळं धूसर.

आता वैभवी कॉलेजात जाते, आणि केनवडच्या मुलींच्या फुटबॉल क्लबची गोलकीपर आहे. तिची आई चतुराबाई त्याच क्लबचा आवाज आहे.

म्हणजे झालं असं. केनवडचं मैदान म्हणजे आठवडी बाजाराची मोकळी जागा. बाजार उठला की कांद्याची सालं झाडायची, फक्कीनं रेघा मारायच्या, दोन्ही टोकांना बल्ल्यांचे गोल उभे करायचे. गोलांना जाळ्या नाहीत. मैदान लिंबाच्या झाडाकडं जरा उतरतं, म्हणून ज्या अर्ध्यात त्या अंगाला चढाई करायची, त्या अर्ध्यात चंगळ. आणि बघणाऱ्या बाया पोती अंथरून बसतात ते थेट रेघेवर. चेंडू बाहेर गेला की तो कुणाच्या तरी ओटीत पडतो. थ्रो करणारीला दोन गुडघ्यांच्या मधून जागा काढावी लागते. "काकू, जरा पाय घ्या न," असं म्हणून ती चेंडू फेकते, तेव्हा कुठं खेळ पुढं सरकतो.

पहिल्याच सामन्यात पाहुण्या टीमची एक मुलगी नवे कोरे बूट घालून आली होती. तिला बघून चतुराबाईला लग्नाचा मांडव आठवला. मांडवात नवरीकडच्या बाया विहिणीला गाण्यातून टोमणे मारतात, विहिणीकडच्या उलटून मारतात, आणि जिला टोमणा बसला तिला पहिल्या पंगतीत पहिलं पान वाढतात. चतुराबाईनं पदर खोचला आणि आवाज लावला:

"पाव्हन्या बाईचे बूट, चमकते कोरे कोरे,
बॉल आला पायापाशी, म्हने उद्याच्याले ये रे!"

सगळं मैदान हसलं. ती बूटवालीही हसली आणि तिच्याकडून चेंडू निसटला. सामना संपल्यावर चहाचा पहिला पेला तिलाच दिला. तेव्हापासून हा रिवाज पडला. पाहुण्या क्लबांच्या मुली उतरल्या उतरल्या विचारायच्या, "आज कोनावर हाय वो काकू?"

आपल्या पोरींवर तर चतुराबाई ओव्यांवर ओव्या म्हणायची. रूपाली कप्तान, पुढं खेळणारी, पायाला चाक लावलेली. तिनं चेंडू घेतला की लिंबाखालून आवाज यायचा:

"रूपाली धावते बाई, जशी तुरीतून हरनी,
मांगं राह्यल्या साऱ्याजनी, शेपूट धरा वं कोनी!"

शेजारी बसलेल्या पानाबाई, म्हणजे क्लबचे अध्यक्ष माणिकचंद शेठजींच्या घरधनीण, दुसरी ओळ झेलून धरायच्या आणि मग बाकीच्या बाया. बचावातल्या पोरींवर ओवी होती. भागवतमामा म्हणजे कोच, गावातले मोटरसायकल दुरुस्त करणारे. त्यांच्या ग्रीस लागलेल्या बोटांवर ओवी होती. रुचिका तर सहसा बाकावरच बसलेली असायची, तिच्या नुसत्या बसण्यावर दोन होत्या.

वैभवीवर एकही नव्हती.

तिनं चेंडू अडवला की चतुराबाई तोंड फिरवायची. कधी पोत्याची सुतळी उसवत बसायची, कधी पानाबाईंना म्हणायची, "काकी, ऊन उतरलं नाई आज?" वैभवीनं डावीकडं अंग झोकून गोल वाचवला आणि बाजारभर टाळ्या वाजल्या, त्या दिवशीसुद्धा आईनं तोंडात बोट घालून दात कोरला. पोरीनं ते गोलातून पाहिलं. गुडघ्याची माती झटकताना तिला वाटलं, आईला आपलं हे खेळणं म्हणजे नुसतं उभं राहणं वाटत असेल. धावणारीवर ओवी सुचते. उभ्या राहणारीवर काय सुचणार?

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं? 'माझी आई माझ्यावर गाणं म्हणत नाही' हे कॉलेजात जाणारी मुलगी कुठल्या तोंडानं सांगेल? फक्त प्रत्येक सामन्यात सगळ्या टीमची नावं कानांवरून जायची, आणि आपल्या नावाची जागा दात पडल्यासारखी रिकामी लागायची. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच.

या वर्षी जिल्ह्याच्या मुलींच्या लीगनं ठरवलं की प्रत्येक क्लबनं आपलं घरचं मैदान आधी सांगायचं आणि हंगामभर तिथंच खेळायचं. जिल्हाभर चर्चा उसळली. कुणी गावच्या मैदानाला चिकटलं, कुणी तालुक्याच्या. केनवडपुढं दोन वाटा होत्या. एक आपलं बाजाराचं मैदान. दुसरं जवळच्याच मालेगावचं नवं मैदान. हिरवळ, कपडे बदलायची खोली, नळ, पायऱ्यांची गॅलरी, आणि हिरवळीभोवती फिरवलेली लाल, रुंद धावपट्टी.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी लिंबाखाली बैठक बसली. पोरी, भागवतमामा, शेठजी, आणि रेघेवरच्या नेहमीच्या बाया. बाया क्लबच्या सभासद नव्हत्या, पण त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती.

"मालेगाव घ्या," माणिकचंद शेठजी म्हणाले. "आपल्या पोरी माह्या गोदामात पोत्यांमांगं कपडे बदलतात. बरं दिसते काय? तठी खोली हाय, नळ हाय. अन ते लाल धावपट्टी पाहिली का? टीव्हीवर दिसते तशी."

"धावपट्टी गोल करते काय शेठजी?" भागवतमामांनी विचारलं.

"गोल नाई करत. इज्जत वाढवते."

"परदेशातले क्लब पाहा. मी मोबाइलवर पाहतो न रोज. धावपट्टीवालं मैदान सोडून बिनधावपट्टीचं बांधून राह्यले. काहून? पब्लिक दूर बसते. पब्लिक दूर बसली की खेळनाऱ्याले वाटते, आपन कोनाच्या वावरात चोरून खेळून राह्यलो."

"अन धावपट्टीवाल्या मैदानात खेळनारे क्लबबी गंज हायेत, ढिगानं. ते काय उपाशी मेले?"

"उपाशी तं मी मरीन," पानाबाई मध्येच म्हणाल्या. "तठी दिवे लावून सामना लांबवतात म्हनते. दिवस बुडाल्यावर मी जेवत नाई. पोरीचा गोल पाहू का ताट पाहू?"

पोरी हसल्या. रूपाली म्हणाली, "मामा, गवतावर पडलं तं लागत नाई. इथं पडलं की अंगाले कांद्याचा वास येते." कुणी म्हणालं, गवत हवं. कुणी म्हणालं, गवताला चतुराकाकूंचा आवाज फुटतो काय?

"हात वर करा," भागवतमामा म्हणाले. "मालेगाव कोनाले पायजे?"

शेठजींचा हात वर गेला. गवत आवडणाऱ्या दोघीतिघींचा गेला. आणि सगळ्यांत मागून, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेल्या वैभवीचा.

"तू?" रूपाली वळून बघत राहिली. "अवं, तुही माय इथं बसून सारं मैदान हालवते, अन तुले तठी जायचंय?"

"मले गवत पायजे," वैभवी म्हणाली. "गोलकीपरलेच जास्त पडा लागते."

खरं कारण वेगळं होतं: तिथं आवाज पोचणार नाही. मग कुणाचं नाव आलं आणि कुणाचं नाही, ते कळणारच नाही.

चतुराबाईनं लेकीकडं एकदा पाहिलं आणि पोत्याची सुतळी उसवायला घेतली.

शेवटी भागवतमामांनी तोड काढली. आधी मालेगावात एक मैत्रीचा सामना खेळू, मग पुन्हा बसू. मुलगी द्यायच्या आधी घर पाहावं लागते, म्हणाले.

शेठजींच्या धान्याच्या टेम्पोतून सगळे निघाले. पोरी उभ्या, बाया सोयाबीनच्या पोत्यांवर बसलेल्या, वाटेत दोन्हीकडं पिवळ्या फुलांची तूर. मालेगावच्या मैदानात उतरल्यावर पोरींनी आधी बूट काढून अनवाणी पायांनी गवतावर एक फेरी मारली. रूपाली गवतावर आडवीच झाली. "मामा, मले इथंच ठेवून जा," म्हणाली.

बाया गॅलरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. रेघ कुठं आहे ते शोधायला पानाबाईंनी कपाळावर हात धरला. मध्ये लाल धावपट्टी पसरली होती, आणि तिच्यावरून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घामाघूम होऊन चकरा मारत होती. मैदानात काय चाललंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

सामना सुरू झाला. रूपालीनं चेंडू घेतला तशी चतुराबाईनं सवयीनं तान घेतली. ओवी निघाली, पायऱ्या उतरली, धावपट्टीपर्यंत गेली, आणि तिथंच भरतीच्या पोरांच्या पायांत अडकली. "शेपूट धरा वं कोनी" ऐकून एक पोरगा दचकला आणि मागं वळून बघत पळायला लागला. पुढच्या चकरेत तोच ओरडला, "काकू, थांबल्या काहून? जोर येते न पायाले!"

मैदानात मात्र काहीच पोचलं नाही. रूपाली धावता धावता थबकली. "चतुराकाकू आज आल्या नाईत काय?"

"आल्या हायेत. तठी पाह्य, ते हिरवं लुगडं."

"मंग मुक्या काहून?"

केनवडच्या पोरी त्या दिवशी खेळल्या, पण लग्नघरी वाजंत्री न आल्यावर पाहुणे जेवतात तशा. मालेगावच्या पोरींना सवय होती. त्या आपसात बोलत, हाका मारत खेळत होत्या. केनवडवर एक गोल झाला, दुसरा झाला. वैभवी आपल्या गोलात उभी होती. तिला हवी होती तीच शांतता आता तिच्याभोवती होती, आणि तिला कळेना की तिचं काय करावं. स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. कुणाचंच नाव कानावर येत नव्हतं, म्हणून आपलं नाव नसल्याचं दुःखही होत नव्हतं. पण सुख म्हणावं, तर तेही नव्हतं.

तेवढ्यात तिनं मारलेला चेंडू वाऱ्यानं कलला, रेघ ओलांडून धावपट्टीवर गेला, भरतीच्या दोन पोरांनी तो उडी मारून चुकवला, आणि घरंगळत थेट गॅलरीच्या भिंतीला जाऊन टेकला. जवळ तीच होती. तीच धावली. पोरांची चकर जाऊ दिली, पट्टी ओलांडली, भिंतीशी वाकली.

आणि वरून आवाज आला. सामन्यातला उंच आवाज नव्हता तो. हळू, दाट, ठिबकणारा. माळ्यावरचा.

"माही वैभवी वं बाई, जशी माळ्यावरली..."

वैभवीनं वर पाहिलं. पानाबाईंनी कोपर मारलं. चतुराबाईची नजर खाली गेली, लेकीच्या नजरेला भिडली, आणि तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. उकळतं दूध उतू जाताना झाकण दाबावं तसा.

"आई?"

चतुराबाई मान हलवत राहिली. नाही, नाही.

"वैभवेऽऽ!" मैदानातून रूपालीची हाक आली. "चेंडू आन न! तठी काय लगीन लागलं काय?"

परतताना टेम्पोत वैभवी मुद्दाम आईच्या पोत्यावर जाऊन बसली. "काय म्हनत होती तू?"

"काई नाई. ऊन चढलं होतं डोक्यात."

"माह्यं नाव घेतलं तू."

"तूर चांगली हाय नाई यंदा?" चतुराबाई बाहेर बघत म्हणाली.

घरी पोचल्या पोचल्या तिनं लेकीला उंबऱ्यावर उभं केलं, मीठ-मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. वैभवीचे वडील, शालिग्राम, ओसरीवर बैलाची वेसण वळत बसले होते. ते गालातल्या गालात हसले.

"बाबा, आमी हारलो," वैभवी म्हणाली. "हारनाऱ्यावर कोनाची नजर पडते?"

"तिलेच विचार बावा," शालिग्राम म्हणाले. "मले या घरात तोंड शिवून ठेवा लागते."

दुसऱ्या बैठकीला लिंबाखाली जास्तच माणसं जमली. मैत्रीच्या सामन्याची गोष्ट गावभर झाली होती. शेठजींनी पुन्हा खोलीचं आणि नळाचं सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. भागवतमामा म्हणाले, "आपल्या पोरी मुक्या झाल्या तठी. हे मैदान खडबडीत हाय, पर ते आपल्याले ओळखते."

हात वर झाले. बाजाराच्या मैदानासाठी एका बाजूचे, मालेगावासाठी दुसऱ्या बाजूचे. वैभवीचा हात मालेगावासाठी वरच होता. मालेगावात ऐकलेलं काय होतं ते कळेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. भागवतमामांनी मोजले. सारखेच भरले.

"मंग बायाइचेबी मोजा," पानाबाई म्हणाल्या. "घसा आमचा खर्ची पडते."

कुणाची हरकत नव्हती. बाया कुठं हात वर करणार हे उघडच होतं. भागवतमामा हसत म्हणाले, "चतुराताई, बोला. बाजार न?"

चतुराबाईनं हात वर केला. "मालेगाव."



"अवं ताई, तठी तुमचा आवाज पोचत नाई!"

"ठावं हाय मले."

"मंग?"

"म्हनूनच तं."

एवढं म्हणून ती हात वर धरून बसली. भागवतमामा डोकं खाजवत बसले, केसांना ग्रीस लागलं. सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलक्यात पानाबाई सरकत सरकत वैभवीपाशी आल्या.

"पोरी, मी चुगली करत नाई कोनाची," त्या कानाशी म्हणाल्या. "पर मी तिच्या बाजूले बसतो न. त्या दिवशी मालेगावात तिनं तुह्यावर ओव्या म्हनल्या. एक नाई, ओंजळभर. इतक्या वर्षांच्या साचलेल्या."

"माह्यावर? मंग इथं काहून म्हनत नाई?"

"तू एवढीशी होती. माळ्यावर तुले मांडीवर घेऊन तिनं तुही ओवी म्हनली, अन तू मांडीवरच तापली. कितीतरी दिवस डोळे उघडले नाई तू. तवापासून तिनं कानाले खडा लावला. मायची नजर सगळ्यात आधी लागते म्हनते. तू चेंडू अडवला की ती तिकडं पाहते न? ते तोंड फिरवनं नाई वं. ते तुले झाकनं हाय. अन तिचा हिशेब असा, की ज्याचं नाव घेतलं त्याले ऐकू गेलं तं नजर लागते. नाई गेलं तं नाई लागत. धावपट्टीपलीकडून ऐकू जात नाई."

वैभवीनं समोर पाहिलं. आईचा हात अजून वर होता, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. आपलाही वरच होता. दोघींना मालेगाव हवं होतं: एकीला ऐकायचं नव्हतं म्हणून, एकीला ऐकू द्यायचं नव्हतं म्हणून. तिला एकदम हसू आलं, आणि हसता हसता नाक शिंकरावं लागलं.

तिनं हात खाली घेतला.

"मामा," ती म्हणाली, "माह्यं बाजाराचं मैदान लिहून घ्या."

"अन तुह्यं गवत?"

"गवत बैलं खातात. मले हेच पायजे."

बाकीच्या बायांनीही बाजारालाच हात दिला, आणि बाजार जिंकला. माणिकचंद शेठजींनी पराभव मोठ्या मनानं घेतला. गोदामाच्या कोपऱ्यात पक्की भिंत घालून पोरींची खोली करतो, नळही ओढतो, म्हणाले. "पर माह्यावर एक ओवी पायजे," एवढी अट घातली. चतुराबाई मात्र लेकीकडं रागानं बघत होती, आणि त्या रागाच्या आत भीती बसली होती.

लीगचा पहिला सामना. सकाळी वैभवीनं तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि आरशात बघून गालावर तीट लावली. तान्ह्या बाळाला लावतात तशी बारीक नव्हे. चांगली जांभळाएवढी.

"अवं, हे काय?" शालिग्रामनी विचारलं.

"बंदोबस्त," वैभवी म्हणाली आणि बूट उचलून निघाली.

मैदानात पंचांनी तिला थांबवलं. "लागलं काय गालाला?"

"नाई सर. लागू नये म्हनून हाय."

रूपाली पोट धरून हसली. रेघेवरच्या बायांत कुजबुज पसरली. चतुराबाईनं ती तीट पाहिली, ओळखली, आणि खाली मान घातली. पहिल्या अर्ध्यात तिनं रूपालीवर म्हटली, रुचिकावर म्हटली, शेठजींच्या पोटावर एक नवीकोरी म्हटली. मैदान दणाणत होतं, पोरी पाण्यातल्या मासोळ्यांसारख्या खेळत होत्या, एक गोलही झाला. पण वैभवीच्या गोलाकडं तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या. वैभवी लिंबाकडच्या गोलात आली. तिथं बाया थेट गोलामागं बसतात. हात लांबवला तर आईच्या गुडघ्याला लागेल, एवढ्यावर. खेळ पलीकडच्या टोकाला होता.

"आई," वैभवी पुढं बघतच म्हणाली, "तीट पाहिली काय?"

"चेंडूकडं पाह्य."

"एवढी मोठी लावली. साऱ्या गावाची नजर उतरंन. आता तुले काय भेव?"

"पानाकाकीनं सांगतलं न तुले? काकीच्या पोटात पानी राहत नाई."

"माह्या पोटात तापवलेलं पानीसुदा राहत नाई," पानाबाई म्हणाल्या. "म्हन वं चतुरा. पोरगी केवढी झाली. हे काय आता ओवीनं तापनार हाय?"

लिंबाची दोन पिवळी पानं गिरक्या घेत गोलाच्या रेघेवर उतरली. मग मागून, अगदी हळू, घसा खाकरल्याचा आवाज आला. आणि त्याच्यामागून तो:

"माही वैभवी वं बाई, जशी माळ्यावरली मैना..."

वैभवी गर्रकन वळली. पूर्ण, पाठ मैदानाकडं करून. आईचा चेहरा, त्यावरून निघालेली ओळ, हलणारे ओठ. हे तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. मांडीवरून चेहरा दिसत नसतो.

"वैभवेऽऽ! मांगं!" भागवतमामा बोंबलले.

चेंडू उतारावरून आरामात घरंगळत आला होता. तिच्या दोन पायांच्या मधून गेला, फक्कीची रेघ ओलांडली, आणि जाळी नसल्यामुळं सरळ चतुराबाईच्या ओटीत जाऊन बसला.

पाहुण्या पोरींनी उड्या मारल्या. पंचांनी शिट्टी फुंकली. बाजारभर हशा उसळला.

"पाह्य!" चतुराबाईनं कपाळावर हात मारला. "मी म्हनत होती न! लागली! एवढ्या तिटीतूनबी लागली!"

"नजर नाई लागली," पानाबाई म्हणाल्या. "पोरीचं लक्ष नाई लागलं."

वैभवी गोलामागं गेली आणि आईसमोर उकिडवी बसली. गालावरची काजळी घामानं ओघळून हनुवटीपर्यंत आली होती. तिनं चेंडूवर हात ठेवला. चतुराबाई तो सोडीना.

"आई, पुढची ओळ म्हन."

"खेळ न आता. लोकं पाहून राह्यले."

"मले एकच ओळ माहीत हाय. दुसरी यायच्या आत मी झोपली होती."

"झोपली नव्हती वं." चतुराबाईचा आवाज फुटला. "तापली होती तू. निखाऱ्यासारखी."

"आता जागी हाय. अन गार हाय, हात लावून पाह्य."

चतुराबाईनं खरंच हात लावला. कपाळाला, मग गळ्याला, मग गालाला. बोटांना काजळी लागली. पंच पुन्हा शिट्टी वाजवत होते, भागवतमामा त्यांना हातानं थांबवत होते, रूपाली कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि रेघेवरच्या बाया दुसरी ओळ झेलायला तोंड उघडून बसल्या होत्या. मग चतुराबाईनं चेंडू लेकीच्या हातात दिला, पदर खोचला, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज लावला:

"हात पसरून उभी वं, दाना येकबी जाऊ देई ना!"